काय तोडलं, काय राखलं

सरकारी जंगलात झाडं तोडायची असली की हल्ली कुणी ‘लाकूड हवंय’ असं म्हणत नाही. जंगलाची तब्येत सुधारायची असते, वणव्याचा धोका कमी करायचा असतो, कीड आवरायची असते, बिघडलेलं संतुलन परत आणायचं असतं. प्रकल्पाच्या कागदांत ‘पुनर्स्थापना’ पहिल्या पानावर असते आणि किती घनमीटर लाकूड निघणार हा आकडा कुठल्यातरी परिशिष्टात, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात. असे कागद वाचायची मला खोडच लागली आहे. हातात आले की मी आधी तो शेवटचा रकाना शोधते.

म्हणून प्रत्येक तोड लबाडीची असते असं मी म्हणणार नाही. झाड कोसळताना पाहून मला त्रास होतो, तो होतोच. पण माझ्या त्रासावरून जंगलाचं धोरण ठरू नये, हेही कळतं. काही जंगलं खरोखर बिघडलेली आहेत, माणसानेच बिघडवलेली आहेत, आणि त्यांना करवत लागणार आहे. अडचण अशी की हे सांगणारं खातं गेली शंभर वर्षं काहीतरी निराळंच सांगत आलं आहे. लोक विरोध करतात ते त्यांना शास्त्र कळत नाही म्हणून, अशी वनाधिकाऱ्यांची समजूत असते. मला वाटतं लोकांची स्मरणशक्ती चांगली असते, एवढंच.

अमेरिकेपासून सुरुवात करते, कारण या भांडणाचे सगळे पदर तिथे लेखी स्वरूपात सापडतात. तिथली राष्ट्रीय वनं म्हणजे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर सार्वजनिक जमीन. १८९७च्या कायद्याने त्यांचे हेतू ठरवून दिले: जंगल सुधारणं आणि राखणं, पाण्याचे प्रवाह टिकवणं, आणि देशाला लाकडाचा अखंड पुरवठा करणं. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात. १९०५मध्ये वनसेवा स्थापन झाली, गिफर्ड पिंचो तिचे पहिले प्रमुख झाले, आणि त्या वाक्यातला कुठला भाग मोठ्याने वाचायचा आणि कुठला पुटपुटायचा, हे पुढे ज्याने त्याने आपल्या काळाच्या सोयीने ठरवलं.

पाच वर्षांत त्या नव्या खात्यावर मोठं संकट आलं. ऑगस्ट १९१०मध्ये आयडाहो आणि माँटाना भागात दोन दिवसांच्या वाऱ्यात सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. त्या दोन दिवसांनी खात्याच्या मनात आगीविषयी जे बसलं ते काही पिढ्या निघालं नाही. १९३५मध्ये नियमच झाला: कुठेही आग दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आली पाहिजे. १९४४मध्ये टोपी घातलेलं स्मोकी नावाचं अस्वल आलं आणि जंगलातली आग म्हणजे पापच, हे देशभरच्या पोरांना शिकवू लागलं.

आता ज्या जंगलाला आगीची सवयच होती, त्याचं काय झालं? अॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या पठारांवर पाँडेरोसा पाइनची जंगलं आहेत. या झाडाची साल जाड असते, खालच्या फांद्या वयाबरोबर गळून जातात. दर काही वर्षांनी वीज पडून किंवा तिथल्या मूळ रहिवाशांनी लावलेली आग गवतातून सरपटत जायची. बारकी रोपं मरायची, मोठी झाडं बुंध्याला थोडी काळी होऊन उभी राहायची. जंगल म्हणजे विरळ, उजेडाचं, खाली गवत असलेलं माळरानच म्हणा ना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली, तिच्यामागून गुरं-मेंढ्यांचे प्रचंड कळप आले आणि गवत खाऊन गेले. गवत गेलं तशी आगीची वाटच मोडली. राहिलेली आग खात्याने विझवली. त्यात १९१९ साली पावसाचा आणि बियांचा असा योग जुळला की फ्लॅगस्टाफच्या आसपास रोपांचं अमाप पीक आलं. एरवी यांतली बहुतेक पुढच्या आगीत गेली असती. ती सगळी वाचली. एकरी काही डझन झाडं होती तिथे शेकड्यांनी झाली. शंभर वर्षांची असूनही मनगटाएवढी, उजेडासाठी आणि पाण्यासाठी एकमेकांशी झगडणारी. अशा जंगलात आज आग लागली तर ती खाली सरपटत नाही. बारक्या झाडांवरून चढत शेंड्यापर्यंत जाते, आणि ज्या म्हाताऱ्या पाइननी तीनशे वर्षांत डझनावारी आगी पचवल्या त्यांनाही खाते.

इथे विरळणी करावी, बारकी झाडं काढावीत आणि मग ठरवून, लहान, थंड आगी परत आणाव्यात, याला मी मनापासून हो म्हणते. २०११मध्ये अॅरिझोनात वॉलो नावाचा वणवा पाच लाख अडतीस हजार एकरांवर पसरला. डोंगरातल्या काही वस्त्यांभोवती आधी विरळणी झालेली होती. तिथे पोचल्यावर तो शेंड्यांवरून जमिनीवर उतरला आणि आग विझवणाऱ्यांना त्याच्यासमोर उभं राहता आलं. ज्यांना प्रत्येक करवतीत कारस्थान दिसतं त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

पण ‘बारकी झाडं काढावीत’ या तीन शब्दांतला ‘बारकी’ हाच शब्द गळून पडतो, आणि लोकांचा राग तिथून सुरू होतो.

१९६०च्या दशकात माँटानातल्या बिटररूट वनात काय चाललं होतं ते पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं बांधायला लाकूड हवं होतं, आणि खात्याने डोंगर उतारांवरची जंगलं सरसकट तोडायला घेतली. नुसती तोडली नाहीत. उतारांवर बुलडोझर घालून पायऱ्या खोदल्या आणि त्यांवर ओळीने रोपं लावली. यालाही शास्त्रीय नाव होतं, यामागेही अहवाल होते, आणि हे जंगल नव्याने, अधिक जोमदार उभं राहणार असंच सांगितलं जात होतं. दरीतल्या लोकांना डोंगर खाटकाच्या दुकानासारखा दिसू लागला. तक्रार करणाऱ्यांत पुढे होते गाय ब्रँडबोर्ग. हे गृहस्थ स्वतः वीस वर्षं त्याच वनाचे प्रमुख होते आणि निवृत्त होऊन तिथेच राहत होते. आपल्याच खात्याविरुद्ध म्हातारपणी उभं राहणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. ते अडचणीचे असतात, कारण त्यांना सगळे कागद कुठे ठेवलेत ते माहीत असतं. सेनेटर ली मेटकाफ यांनी माँटाना विद्यापीठाच्या वनशास्त्र विभागाचे प्रमुख अर्नोल्ड बोल यांच्याकडे चौकशी सोपवली. १९७०चा तो अहवाल खात्याला झोंबला, कारण तो भावनेबद्दल बोलत नव्हता, हिशेबाबद्दल बोलत होता: पायऱ्या खोदून रोपं लावण्याचा खर्च या थंड, कोरड्या उतारांवरच्या लाकडातून कधीही भरून येणार नव्हता. वनशास्त्राच्या नावाखाली लाकूड फक्त खणून काढलं जात होतं.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट व्हर्जिनियाच्या मोनोंगहेला वनात, सरसकट तोडीविरुद्ध लोक कोर्टात गेले होते. त्यांनी १८९७चा तोच जुना कायदा काढला. त्यात लिहिलं होतं की विकायचं झाड वाळलेलं, पूर्ण वाढलेलं किंवा मोठं असलं पाहिजे आणि त्यावर आधी खूण केलेली असली पाहिजे. सरसकट तोडीत कसली आलीय खूण! १९७३मध्ये आणि पुन्हा अपिलात १९७५मध्ये निकाल खात्याविरुद्ध गेला, आणि १९७६मध्ये संसदेला राष्ट्रीय वनांसाठी नवा कायदा करावा लागला. आज प्रकल्पाच्या आराखड्यावर लोकांना जे हरकती आणि सूचना मांडता येतात, ते दार त्याच वर्षांत उघडलं. कुणी मेहरबानी म्हणून उघडलेलं नाही.

आता पैशाकडे येते. जंगलावरच्या लेखनात हा भाग वाचक गाळतात, लेखकही गाळतात. १९०८पासून राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्या भागातले रस्ते आणि शाळा यांच्यासाठी जाऊ लागला. हेतू चांगला. परिणाम असा की शाळेचं छप्पर गळतंय की नाही हे डोंगरावर किती झाडं पडली त्यावर ठरू लागलं. १९३०च्या आणखी एका कायद्याने लाकूडविक्रीच्या पैशातला एक भाग खात्याला त्याच जागी रोपण आणि सुधारणा करण्यासाठी ठेवून घेता येऊ लागला. हाही हेतू चांगला. पण विचार करा, एखाद्या अधिकाऱ्याला ओढ्याकाठची दुरुस्ती करायची आहे, पक्ष्यांसाठी काही करायचं आहे, आणि तिजोरीत पैसा नाही. लाकूड विकलं तर पैसा येतो. मग तो लाकूड विकणारच. यात कुणी चोर नाही, भ्रष्टाचार नाही. सगळं नियमाप्रमाणे आहे, आणि तरीही जंगल दुरुस्त करण्याचा रस्ता जंगल विकण्यातून जातो.

१९८०च्या दशकाच्या शेवटी राष्ट्रीय वनांतून वर्षाला सुमारे १२ अब्ज बोर्ड फूट लाकूड निघत होतं (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). वायव्येकडच्या जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला १९९०मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, कोर्टाचे निकाल आले, १९९४चा वायव्येकडचा वन आराखडा आला, आणि दहा वर्षांत तोड दोन-तीन अब्जांवर घसरली. गिरण्या बंद पडल्या, गावं ओस पडली. त्या गावांतल्या माणसांचाही एक संशय आहे आणि तो मला तितकाच खरा वाटतो: शहरात लाकडी घरात राहून आम्हाला जंगल वाचवायला सांगणारी ही मंडळी कोण? ‘सार्वजनिक जमीन’ म्हणताना कुठली जनता धरायची, याचं उत्तर दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं हवं असतं.

त्यानंतर आली ती करारांची नवी पद्धत: ठेकेदाराने जंगलातलं सुधारणेचं काम करायचं आणि त्याच्या मोबदल्यात निघालेल्या लाकडाची किंमत वळती करून घ्यायची. १९९०च्या दशकाअखेर प्रयोग म्हणून सुरू झाली, २०१४मध्ये कायम झाली. कागदावर सोपी, सरळ. पण ज्या जंगलाला विरळणी हवी आहे तिथलं लाकूड मनगटाएवढं आहे. त्याच्या फळ्या निघत नाहीत, चुरा निघतो, आणि तो वाहून न्यायला किमतीपेक्षा डिझेल जास्त लागतं. व्यवहार जुळवायचा तर अधूनमधून एखादं मोठं झाडही घालावं लागतं. ‘एखादं’ किती, यावर सगळी लढाई. उपचाराची गरज असलेल्या जंगलात कुणाला हवं असं लाकूड नाही, आणि सगळ्यांना हवं असलेलं लाकूड ज्या जंगलात आहे त्याला उपचाराची गरज नाही. माझ्या मते या विषयाची गाठ इथे आहे. बाकीचे वाद या गाठीभोवती फिरतात.

म्हणूनच इंचांवरून एवढी भांडणं होतात. ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या पूर्व भागात १९९०च्या दशकाच्या मध्यात तात्पुरता म्हणून नियम आला: छातीच्या उंचीवर २१ इंचांहून जाड झाड तोडायचं नाही. तात्पुरता नियम पंचवीस वर्षं टिकला. २०२१मध्ये तो सैल केला गेला, २०२४मध्ये कोर्टाने ती सैलसर दुरुस्ती रद्द केली. वनतज्ज्ञ वैतागतात: निसर्ग इंचात मोजत नाही, काही ठिकाणी आगी बंद झाल्यावर फोफावलेलं फरचं झाड चुकीच्या जागी आहे आणि ते २४ इंचांचं असलं तरी काढायला हवं. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. तरीही मी त्या आंधळ्या, ठोकळेबाज इंचांच्या बाजूची आहे. टेप सामान्य माणसाला धरता येते. ‘तज्ज्ञाच्या विवेकाने’ असं लिहिलेलं कलम कुणालाच धरता येत नाही.

पोलंडमधल्या बियालोविएझाची गोष्ट याहून सरळ आहे. युरोपच्या सपाट प्रदेशात एकेकाळी सगळीकडे असलेल्या जुन्या जंगलाचा हा उरलेला मोठा तुकडा, बायसन म्हणजे युरोपीय गव्यांसाठी प्रसिद्ध. जंगल सीमेपलीकडे बेलारूसमध्येही पसरलेलं आहे; पोलंडच्या बाजूचा जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात आहे, बाकी सरकारी वनखात्याकडे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या साली पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली. मार्च २०१६मध्ये पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी एका वनविभागातली तोडीची मर्यादा ६३ हजार घनमीटरवरून १ लाख ८८ हजारांवर नेली. कारण: कीड आवरून जंगल वाचवायचं. पुढच्या उन्हाळ्यात अजस्र हार्व्हेस्टर यंत्रं आली आणि लोकांनी स्वतःला त्यांना साखळ्यांनी बांधून घेतलं.

भुंगेऱ्याच्या स्वभावाची माहिती तिथल्या जीवशास्त्रज्ञांनी परोपरीने सांगितली होती. झाडाला लागण झाल्या झाल्या ते काढलं तर थोडा उपयोग. झाड तांबूस होऊन वाळलं की भुंगेरे केव्हाच पुढच्या झाडाकडे गेलेले असतात. मग तोडून बाहेर काढायचं ते फक्त लाकूड. आणि ते वाळलेलं झाड तिथे उभं राहिलं तर त्यात तीन बोटांचा सुतार घर करतो, सालीखाली दुर्मीळ किडे राहतात, आडवं पडल्यावर त्याच्यावर नव्या स्प्रूसची रोपं उगवतात. जुन्या जंगलात मेलेलं झाड म्हणजे पसारा नव्हे, जिवंत झाडाइतकाच तो जंगलाचा भाग आहे. उद्यानाच्या आत, जिथे कुणी करवत लावली नाही, तिथे आधीच्या साथीही आपोआप येऊन गेल्या होत्या. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने जुलै २०१७मध्ये तोड थांबवायला सांगितलं, पोलंडने ‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हणत ती चालू ठेवली, नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने दिवसाला किमान एक लाख युरो दंडाची तंबी दिली, तेव्हा यंत्रं हलली. १७ एप्रिल २०१८ला अंतिम निकालही पोलंडविरुद्ध गेला.

लक्षात घ्या, पाँडेरोसाच्या जंगलात आणि इथे शब्द तेच वापरले गेले. आजारी जंगल, धोका, उपाय. म्हणून केवळ शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. झाडाची जात, आगीचा इतिहास, किडीचा स्वभाव हे सगळं पाहावंच लागतं. आळसाला इथे जागा नाही, तोडीच्या बाजूने नाही आणि विरुद्ध बाजूनेही नाही. यलोस्टोनमधला लॉजपोल पाइन दोन-दोनशे वर्षांनी एकदा भडाभडा जळण्यासाठीच घडलेला आहे; त्याची काही शंकूफळं राळेने चिकटलेली असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडतात. १९८८मध्ये त्या उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग जळाला तेव्हा सगळं संपल्यासारखी हाकाटी झाली होती. जळालेल्या जागी कुणी रोपवाटिका नेल्या नाहीत, आणि तरी लॉजपोल दाटीवाटीने उगवून आला. तिथे विरळणी करायची म्हणजे दुखणं म्हशीला नि औषध पखालीला.

जळून गेलेल्या जंगलात लगेच होणारी तोड हा तर वेगळाच प्रकार. वणवा गेला की उभी, काळी झाडं दिसतात आणि ती कुजण्याआधी विकावीत असं वाटतं. वाटणं स्वाभाविक आहे. सोबत सांगितलं जातं की ही काढली नाहीत तर नवं जंगल येणार नाही आणि पुन्हा आग लागेल. ऑरेगनमध्ये २००२च्या बिस्किट वणव्यात सुमारे पाच लाख एकर जळले. एका विद्यार्थ्याच्या गटाने तिथे जमिनीवर गुडघे टेकून रोपं मोजली. जंगल स्वतःहून भरघोस उगवलं होतं; तोडीच्या ओढाताणीत त्यांतली ७१ टक्के रोपं गेली होती, आणि जमिनीवर उरलेल्या फांद्या-काटक्यांनी आगीचा धोका थोड्या काळासाठी वाढला होता. २००६मध्ये एका पानाचा हा निबंध ‘सायन्स’मध्ये येत होता, तेव्हा त्याच्याच विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी तो छापणं लांबवावं अशी विनंती केली. संपादकांनी छापला. या प्रकरणानंतर मी कुठल्या बाजूला किती तज्ज्ञ आहेत ते पाहून शास्त्र ठरवणं बंद केलं. रोपं कुणी मोजली ते विचारते.

रोपं पाहणारे नेहमी विद्यापीठातच असतात असंही नाही. १९७०च्या दशकात कर्नाटकात उत्तर कन्नडमधला बांबू झपाट्याने संपत होता. सरकार तो कागद गिरणीला टनाला दीड रुपयाने देत होतं, आणि दोष मात्र टोपल्या विणणाऱ्यांवर आणि गुरांवर येत होता. माधव गाडगीळ तिथे अभ्यासाला गेले. बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ केलं की बेट मोकळं होऊन चांगलं वाढतं, असा खात्याचा आणि गिरणीचा समज होता. शिवाय तोडीलाही ते सोयीचं. गावकरी म्हणत होते, काटे काढले म्हणून तर कोंब उघडे पडतात आणि जनावरं ते खातात. मोजणी केल्यावर गावकऱ्यांचंच खरं निघालं. जंगल सुधारण्यासाठी केलेल्या साफसफाईनेच बांबू मरत होता. आणि चिपको? झाडाला मिठी मारणाऱ्या बायांचं चित्र सगळ्यांना माहीत आहे, पण १९७३मधली ठिणगी पडली ती वेगळ्या कारणाने: गोपेश्वरच्या दशौली ग्राम स्वराज्य मंडळाने शेतीच्या अवजारांसाठी अंगूची थोडी झाडं मागितली, ती नाकारली गेली, आणि तीच झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला देण्यात आली. तोड नकोच, असं त्या लोकांचं सुरुवातीला म्हणणं नव्हतं. कुणासाठी, हा प्रश्न होता.

मघाशी ‘ठरवून लावलेल्या आगी’ला मी हो म्हटलं. त्याचीही किंमत सांगायला हवी. २०२२च्या एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोत वनसेवेने लावलेली अशीच एक आग वाऱ्याने हातातून निसटली. दुसरी त्याहून विचित्र: जानेवारीत पेटवलेले फांद्यांचे ढीग बर्फाखालीही आतून धुमसत राहिले आणि वसंतात भडकले. दोन्ही आगी एकमेकींना मिळाल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर जळाले. त्या राज्याच्या नोंदीतला सर्वांत मोठा वणवा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या स्पॅनिशभाषक शेतकऱ्यांची शेकडो घरं, त्यांचे सामाईक पाटाचे कालवे गेले. त्यांना जाऊन कोण सांगणार की आग ही जंगलाची गरज आहे? वनसेवेने देशभरातल्या अशा आगी ९० दिवस थांबवल्या आणि मग पुन्हा सुरू केल्या. सुरू करणं बरोबरच होतं असं मी म्हणते. मात्र मी त्या खोऱ्यात राहत नाही, आणि म्हणून माझ्या मताचं वजन तिथल्या माणसाच्या मताइतकं असू नये.

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी राष्ट्रीय वनांतल्या ११ कोटींहून अधिक एकरांवर, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षेत्रावर, आणीबाणीची स्थिती जाहीर केली. कारणं वणवा, कीड, रोग. त्यासोबत लाकडाचं उत्पादन पाव पटीने वाढवायचं उद्दिष्टही आलं. आणीबाणीत आक्षेपाची नेहमीची पायरी गाळता येते. त्या क्षेत्रात पाँडेरोसाची गुदमरलेली जंगलं आहेत आणि ज्यांना काहीही झालेलं नाही अशी ओलसर जुनी जंगलंही आहेत. नकाशावर रंग एकच. शंभर वर्षांत हळूहळू बिघडलेल्या गोष्टीची घाई मला नेहमीच संशयास्पद वाटते. घाई झाली की मोजणी आधी सुटते.

आणि मोजणी करायची तर ती किती साधी असू शकते! त्याच बदनाम बिटररूट वनात लिक क्रीक नावाची जागा आहे. १९०९मध्ये, तिथली पहिली तोड झाल्यानंतर, वनसेवेने ठरावीक ठिकाणांवरून फोटो काढले, आणि पुढे सगळं शतकभर त्याच ठिकाणी उभं राहून काढत राहिली. ते ओळीने पाहिले की आधीचं उघडं रान, मग वर येणारी दाटी, मग नंतरच्या विरळण्या सगळं दिसतं. कुठल्याही जाहीर सुनावणीपेक्षा त्या फोटोंनी मला खात्याचं म्हणणं जास्त पटवलं आहे. प्रकल्पाच्या खर्चात मात्र तोडीनंतरच्या देखरेखीची रक्कम शोधून पाहा. मी शोधते, आणि शेवटच्या रकान्याइतकीच तिथेही माझी निराशा होते. मी हरकत पाठवते तेव्हा फार काही लिहीत नाही. राखायच्या झाडांची यादी जाडीसकट छापा, फोटोची ठिकाणं आताच ठरवा, आणि निघालेल्या लाकडाची किंमत शून्य धरली तरी हा प्रकल्प तुम्ही हातात घेतला असता का, हे लिहून द्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाही. अॅरिझोनात चार राष्ट्रीय वनांच्या मिळून २४ लाख एकरांवर जो मोठा पुनर्स्थापना प्रकल्प आखला गेला, तिथे पर्यावरणवाले आणि लाकूडवाले कितीतरी वर्षं एका टेबलावर बसून बारकी झाडं काढायची, मोठी राखायची यावर एकमत करून उठले होते. २०१२मध्ये तीन लाख एकरांचा ठेका दिला गेला आणि रखडला, कारण बारक्या लाकडाला गिऱ्हाईक नव्हतं. पुढची मोठी निविदा २०२१मध्ये रद्दच झाली. बाजारावर विसंबून जंगल बरं करायचं म्हटलं की असं होतं.

त्या प्रकल्पाच्या हद्दीत फ्लॅगस्टाफ शहर येतं. २०१०मध्ये शहरालगतच्या डोंगरावर शुल्ट्झ नावाचा वणवा झाला, फार मोठा नव्हता, पंधरा हजार एकर. पण पाठोपाठ आलेल्या पावसात उघड्या उतारांवरून राख-दगड घेऊन पूर आला आणि खालच्या वस्तीतली बारा वर्षांची मुलगी वाहून गेली. दोन वर्षांनी शहराने मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला: पाणलोटातल्या तीव्र उतारांवर, जिथल्या विरळणीचा खर्च लाकडातून निघणं शक्यच नाही, तिथे विरळणी करायला एक कोटी डॉलरचं कर्ज काढायचं आणि ते आपल्या करातून फेडायचं. जमीन बहुतेक शहराची नव्हतीच, राष्ट्रीय वनाची होती. जवळपास तीन-चतुर्थांश लोकांनी हो म्हटलं. लोकांना झाड तोडलेलं चालतच नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणालं की मी नोव्हेंबर २०१२चं हे मतदान पुढे करते.